बिट स्वस्त, विहीर महाग

'सागर सम्राट' या रिगने १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल शोधले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घराघरांत पोहोचले. खडक फोडण्याचे प्रत्यक्ष काम मात्र पाइपांच्या लांबलचक माळेच्या टोकाला बसवलेले ड्रिल बिट करीत असते. नव्या विहिरीसाठी ते कोणते निवडावे, यावर खर्चाचे गणित बऱ्याच अंशी ठरते.

बिटचे प्रमुख प्रकार दोन. हॉवर्ड ह्यूज (थोरले) यांनी १९०९ साली पेटंट घेतलेल्या प्रकारात दातेरी शंकू फिरतात आणि खडक चिरडतात. १९७०च्या दशकात आलेल्या 'पीडीसी' बिटमध्ये फिरते भाग नसतात. कृत्रिम हिऱ्याचा थर दिलेल्या चकत्या खडक तासून काढतात. शेल किंवा मऊ चुनखडीत पीडीसी झपाट्याने उतरते. कठीण गारगोट्यांचा थर लागला, तर मात्र त्याच चकत्यांचे तुकडे उडू शकतात. तेथे शंकूचे बिट अधिक भरवशाचे. पण त्याचे बेअरिंग झिजले, तर शंकू विहिरीतच निखळून पडण्याचा धोका असतो.

केवळ किंमत पाहून निवड केल्यास फसगत होते. बिट बदलायचे म्हणजे सारे पाइप वर काढून पुन्हा खाली सोडावे लागतात आणि त्या वेळेतही रिगचे भाडे चालूच राहते. म्हणून बिटची किंमत आणि खोदाई व पाइपांच्या ने-आणीच्या काळातील भाडे यांची बेरीज करून तिला खोदलेल्या मीटरांनी भागतात.

उदाहरणादाखल, रिगचे भाडे ताशी १ लाख रुपये आणि पाइपांच्या ने-आणीला ८ तास लागतात, असे समजू. २ लाखांचे बिट ३० तासांत २०० मीटर खोदून झिजले, तर मीटरमागे २० हजार रुपये पडतात. १० लाखांच्या बिटने ६२ तासांत ८०० मीटर खोदले, तर १० हजारच. पाचपट महाग बिट निम्म्या खर्चात पडते!

अर्थात, हे बिट गारगोट्यांत लवकर निकामी झाले, तर हिशेब उलटतो. त्यामुळे शेजारच्या विहिरींतील खोदाईचा वेग, खडकांचे नमुने आणि बाहेर काढलेल्या बिटची झीज यांच्या नोंदी अभ्यासूनच निवड होते. झिजलेले बिट भंगारात टाकण्यापूर्वी बारकाईने तपासतात, ते याचसाठी. पुढच्या विहिरीचा सल्ला त्याच्या तुटक्या दातांतच दडलेला असतो.