फवारणीच्या विमानाचा तोल

कीटकनाशक फवारणारे विमान पिकालगत उडते. शेताच्या कडेला वळताना वेग मंदावून तोल गेला, तर सावरण्यास उंचीच नसते. असे अनेक वैमानिक प्राणास मुकले. हे टळावे म्हणून अमेरिकेत टेक्सास कृषि व यांत्रिक महाविद्यालयात फ्रेड वाइक यांनी ‘एजी-१’ हे प्रायोगिक विमान सिद्ध केले. मंद वेगातही ते ताब्यात राहावे, हा हेतू होता. १९५० च्या डिसेंबरात त्याचे प्रथम उड्डाण झाले.

आजच्या ड्रोनवर वैमानिक बसत नाही. तथापि टाकी रिती होताना त्याचाही भार बदलतो. म्हणून शेतकरी बंधूंनी प्रशिक्षित चालकाकडून प्रथम नुसत्या पाण्यावर, मोकळ्या जागी, भरल्या व रित्या टाकीने त्याची परीक्षा घ्यावी. मगच औषध भरावे.