वैयक्तिक विकास आराखडा : कॉलेजातल्या मुलांना सल्ला देताना



बारावीपर्यंत आपण मुलांच्या मागे असतो. पुढे कॉलेजात गेली की 'आता मोठी झाली' म्हणून मोकळे होतो. खरं तर पहिल्या वर्षीच ती जास्त गोंधळलेली असतात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी यासाठी एक पद्धत बसवली, ती समजून घेऊया.

१९९७ साली रॉन डिअरिंग यांच्या समितीने तिथल्या उच्च शिक्षणावर अहवाल दिला. त्यात 'प्रोग्रेस फाइल' सुचवली होती. तिचा एक भाग म्हणजे विद्यापीठाने दिलेली गुणांची नोंद. दुसरा विद्यार्थ्याने स्वतः ठेवायचा: काय शिकलो, कुठे अडलो, पुढे काय करणार. यालाच 'पर्सनल डेव्हलपमेंट प्लॅनिंग' म्हणतात. २००१ मध्ये क्यूएए या गुणवत्ता संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या.

ही नोंद घेऊन विद्यार्थी आपल्या 'पर्सनल ट्यूटर'कडे, म्हणजे नेमून दिलेल्या प्राध्यापकांकडे बसतो. समजा त्याने लिहिलंय, 'लेखन सुधारायचं आहे.' असं तर कुणीही लिहील! मग सर विचारतात, मागच्या निबंधावर कोणता शेरा होता? 'मुद्द्याला पुरावा नाही.' मग ठरतं, पुढचा निबंध देण्याआधी आठवडाभर कच्चा मसुदा दाखवायचा. पुढच्या भेटीत कळतं, मसुदा झालाच नाही, कारण पोरगं रोज रात्री दुकानात काम करतं. आता सल्लाच बदलतो. लेखनाचं नंतर बघू, आधी वेळेचं आणि पैशाचं बोलू. नुसत्या गुणपत्रिकेवरून हे कळलं नसतं.

मात्र भेट झाली नाही तर हा आराखडा शेवटच्या दिवशी भरायचा फॉर्म होतो. त्याला मार्क ठेवले तर मुलं सरांना आवडेल तेच लिहितात. माझ्या मते मार्क ठेवूच नयेत.

आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर-मेंटी व्यवस्था विचारली जाते, त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत तिची फाइल असते. पालकांनी मुलाला विचारावं, तुझे मेंटॉर कोण? या सत्रात किती वेळा भेटलास? काय ठरलं? उत्तर 'माहीत नाही' आलं तर कॉलेजात जाऊन चौकशी करा. मुलाची वही मात्र त्याने दाखवली तरच वाचा. चोरून वाचलीत, की पुढच्या पानावर तो खरं लिहायचा नाही.