वेळ पुरला नाही, म्हणजे नेमके काय झाले?

परीक्षा देऊन आलेल्या मुलाला 'पेपर कसा गेला?' असे विचारले, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : 'सगळे येत होते हो, पण वेळ पुरला नाही.' हे उत्तर आपण इतक्यांदा ऐकलेले असते, की त्यावर पुढचा प्रश्न विचारायचे आपल्याला सुचतच नाही. वेळ पुरला नाही, तर तो गेला कुठे? तीन तासांत पेन किती वेळ चालत होते आणि किती वेळ थांबले होते? ही तर सरळ घड्याळ लावून मोजता येण्याजोगी गोष्ट आहे.

आम्ही दिव्याला राहतो. ठाणे आणि डोंबिवली यांच्यामधले हे जंक्शन. इथून एक फाटा वसईकडे आणि एक पनवेलकडे जातो. खाडीकाठचे हे गाव पाहता पाहता दाट वस्तीचे उपनगर झाले, कारण नोकरदार माणसाला परवडेल असे घर इथे मिळत होते. कॉलेज मात्र ठाण्याला, मुलुंडला नाहीतर डोंबिवलीला. अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच मूल असते. वन रूम किचनमध्ये चार-पाच माणसे, संध्याकाळी टीव्ही चालू, आणि जाता-येता लोकलची गर्दी. अशा मुलांचा अभ्यास म्हणजे वाचन. लिहायला लागते टेबल, शांतता आणि सलग वेळ, आणि नेमक्या या तिन्ही गोष्टींची घरात टंचाई असते. त्यात २०२१ साली करोनामुळे दहावी-बारावीच्या लेखी परीक्षाच रद्द झाल्या, विद्यापीठाच्या परीक्षा त्या काळात ऑनलाइन पर्यायी प्रश्नांवर उरकल्या. त्या वर्षांतल्या मुलांचा तर लिहिण्याचा सराव साफ मोडला. मग पदवीच्या वर्गात 'सविस्तर चर्चा करा' असा प्रश्न समोर आला, की पहिले पान सुवाच्य, दुसरे बरे आणि शेवटचे पान वाचता न येणारे, अशी उत्तरपत्रिका तयार होते.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली तीन-चार मुले चाचणीच्या अशा उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. त्यांपैकी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची तक्रार हीच होती. 'काका, माझा हातच हळू चालतो.' तिने वेगाने लिहिता यावे म्हणून नवीन जेल पेनसुद्धा आणले होते. आम्ही म्हटले, आधी मोजू या.

घड्याळ काय सांगते?

प्रयोग अगदी सोपा आहे आणि कुठल्याही वर्गात एका तासिकेत होतो. मुलांना पाठ्यपुस्तकातला एक उतारा पाच मिनिटे नुसता उतरवून काढायला सांगावा आणि शब्द मोजावेत. थोड्या विश्रांतीनंतर एखादा विषय देऊन त्यावर पाच मिनिटे स्वतःच्या मनाने लिहायला सांगावे आणि पुन्हा शब्द मोजावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान येतो. पेन तेच, हात तोच, बाकही तोच. तेव्हा हा फरक हाताचा नाही.

आमच्या या मुलीच्या बाबतीत आम्ही आणखी एक केले. ती निबंध लिहीत असताना शेजारी बसून पेन कुठे थांबते याची नोंद घेतली. शब्दाच्या मध्ये ती क्वचितच थांबे. वाक्य संपले, की थोडे थांबे. परिच्छेद संपला, की मात्र पेन टेबलावर ठेवले जाई, खिडकीबाहेर पाहणे होई, लिहिलेले पुन्हा वरपासून वाचणे होई. तिचा वेळ अक्षरांत जात नव्हता. 'आता पुढे काय?' या प्रश्नात जात होता. लेखनातील विरामांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनाही हाच क्रम आढळलेला आहे : शब्दापेक्षा वाक्याच्या, आणि वाक्यापेक्षा परिच्छेदाच्या सीमेवर माणूस जास्त थांबतो.

असे का व्हावे? आपल्या मेंदूत माहितीचा साठा प्रचंड असतो, पण एका वेळी हाताळता येईल एवढी जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सुमारे सात घटकांची असल्याचे दाखवले होते. पुढे २००१ साली नेल्सन कोवान यांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन ती चारच्या आसपास असावी असे मांडले. स्वयंपाकघराची उपमा घेऊ. माळ्यावर आणि फडताळात सामान कितीही मावते, पण ओटा असतो हातभर. त्याच ओट्यावर भाजी चिरायची, कणीक मळायची आणि फोडणीचे डबेही मांडायचे म्हटले, की सगळ्याच कामांचा खोळंबा होतो.

निबंध लिहिताना नेमके हेच घडते. जॉन हेज आणि लिंडा फ्लॉवर या अमेरिकन संशोधकांनी १९८०च्या सुमारास लोकांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि ते बोलणे टिपून घेतले. त्यातून असे दिसले, की आखणी करणे, विचार वाक्यात उतरवणे आणि लिहिलेले तपासणे ही कामे एकापाठोपाठ एक होत नाहीत; ती सतत एकमेकांत घुसतात. परीक्षेत त्यांच्या जोडीला ऱ्हस्व-दीर्घाची काळजी, उरलेली पाने आणि भिंतीवरचे घड्याळही त्याच ओट्यावर येऊन बसते.

आखणी आणि खोकी

यातले एखादे काम ओट्यावरून आधीच उतरवता आले तर? रोनाल्ड केलॉग यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहायला दिले. काहींनी आधी मुद्द्यांचा आराखडा केला, काहींनी कच्चा खर्डा लिहिला, काहींनी थेट सुरुवात केली. लिहिता लिहिता मध्येच एक आवाज केला जाई आणि विद्यार्थ्याने लगेच प्रतिसाद द्यायचा असे. प्रतिसादाला जितका उशीर, तितके मन गुंतलेले. आराखडा करणाऱ्यांची पत्रे सरस ठरली. कच्चा खर्डा लिहिणाऱ्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. नुसत्या मनातल्या मनात केलेल्या आराखड्याचाही उपयोग झाला, ही गोष्ट विशेष.

हे ऐकून आमची विद्यार्थिनी म्हणाली, 'पण मी तर आराखडा करतेच!' आणि तिने समासात लिहिलेले चार शब्द दाखवले : प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार. ही आखणी नव्हे. ही नुसती रिकामी खोकी आहेत. ती कोणत्याही विषयाला बसतात, म्हणूनच कोणत्याही विषयात काय लिहायचे ते सांगत नाहीत. चीनमधल्या राजपरीक्षेत कित्येक शतके निबंधाचे आठ भाग ठरलेले असत; यशस्वी उमेदवारांच्या निबंधांचे संग्रह छापून विकले जात आणि मुले ते घोकत. ती परीक्षा १९०५ साली बंद झाली. आपल्याकडची निबंधाची गाइडे पाहिली, की त्या विक्रेत्यांची आठवण येते.

विषय होता 'उपनगरी रेल्वे : शाप की वरदान?' आम्ही तिला एवढेच विचारले, 'तुझे स्वतःचे उत्तर काय? एका वाक्यात सांग.' बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, 'काका, गर्दीचं कारण गाडीत नाहीच. घर परवडतं एकीकडे आणि काम असतं दुसरीकडे, म्हणून गर्दी आहे.' झाली आखणी. यापुढचे मुद्दे तिला विचारून काढावे लागले नाहीत. दिव्यात घर का घेतले, हे तिच्या घरात रोज बोलले जाते. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्याला प्रवाशांनी रेल्वे अडवली तेव्हा ती लहान होती, पण तो गोंधळ तिला आठवतो. २०१६च्या डिसेंबरात जलद गाड्या इथे थांबू लागल्या. त्याने काय सुटले आणि काय सुटले नाही, हे ती कुठल्याही गाइडपेक्षा अधिक जाणते. एक वाक्य आणि त्याखाली पाच-सहा शब्द, एवढे कागदावर आले, की परिच्छेदाच्या शेवटी खिडकीबाहेर पाहायची गरज उरत नाही.

या आखणीला वेळ किती द्यायचा? हिशोब करून पाहू. बारावीला भाषेची पत्रिका ८० गुणांची आणि तीन तासांची असते, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. आठ गुणांच्या लेखनाला अठरा मिनिटे आली. त्यातली तीन आखणीला दिली तरी पंधरा उरतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची पत्रिका २५० गुणांची. तीन तासांत प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध. एका निबंधाला नव्वद मिनिटे. पंधरा आखणीला आणि पाच वाचून पाहायला वगळली, तरी सत्तर मिनिटांत ११०० शब्द, म्हणजे मिनिटाला सोळाही नाहीत. वरच्या प्रयोगातला उतरवण्याचा आकडा याच्याशी ताडून पाहावा. (जाता जाता : मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, इंग्रजीत तीन शब्दांत लिहायचे ते आपण 'घरात' असे एका शब्दात लिहितो. तेव्हा हजार मराठी शब्दांत आशय जास्त मावतो आणि हाताला कामही जास्त पडते. मराठी माध्यम घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

आपल्या राज्य मंडळाच्या एका निर्णयाचा इथे उल्लेख करायला हवा. पूर्वी दहावी-बारावीला प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हातात पडे. ती मोबाइलवरून बाहेर जाण्याच्या तक्रारी आणि अफवा यांमुळे २०२३च्या परीक्षांपासून ही सवलत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली. एकूण वेळ तेवढाच. पण आधीच्या दहा मिनिटांत लिहिता येत नसे, म्हणून मूल नाइलाजाने विचार करी. आता ती दहा मिनिटे शेवटी आहेत आणि घंटा होताच लिहायला लागण्याचा मोह मोठा आहे. मंडळाची अडचण खरी होती, पण आमच्या मते आखणीच्या दृष्टीने हा बदल तोट्याचा ठरला. मुलांना तो मनाने उलटा फिरवायला शिकवणे आपल्या हातात आहे : शेवटी मिळणारी दहा मिनिटे सुरुवातीलाच खर्च करायची.

गाडीत पुस्तक उघडता येत नाही, म्हणून

आखणी करायची तर मुद्दे वेळेवर आठवले पाहिजेत, आणि वाचलेले आठवेलच असे नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले : वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळे येते' असे वाटते ते यामुळेच.

दिव्याच्या मुलांना यात एक अनपेक्षित सोय आहे. सकाळच्या गर्दीत गाडीत पुस्तक उघडता येत नाही, पण आठवायला जागा लागत नाही. दिवा सुटले, की काल वाचलेल्या प्रकरणाचा एक प्रश्न मनात घ्यायचा, मुंब्रा-कळव्यापर्यंत त्याचे एक वाक्याचे उत्तर आणि त्याखालचे मुद्दे जुळवायचे, आणि ठाण्याला उतरल्यावर अडले असेल तेवढेच पुस्तकात पाहायचे. आमची ही मुले आता हे करतात. कधी झोप लागते, ती गोष्ट वेगळी.

हाताचा प्रश्न अजिबात नाही, असे मात्र कुणी समजू नये. व्हिन्सेंट कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ब्रिटनमधल्या पदवी-विद्यार्थ्यांची एक लहानशी पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या हस्ताक्षराची गती अकरा वर्षांच्या मुलांइतकीच भरली, आणि परीक्षेतल्या निबंधाच्या दर्जाशी या गतीचा संबंध दिसला. अक्षर आपोआप उमटत नसेल, तर तेही ओट्यावर जागा अडवते. म्हणून रोज दहा मिनिटे घड्याळ लावून लिहिणे बरे. जेल पेनाने फरक पडत नाही. शब्दाशब्दावर शिरोरेषा गिरवत बसण्याची सवय असली तर ती सुटल्याने पडतो.

आता शिक्षकांची अडचण. ऐंशी मुलांचे निबंध दर आठवड्याला तपासणार कोण? तपासू नयेत. दर आठवड्याला एक विषय देऊन फक्त आखणी मागावी : एक वाक्य आणि सहा शब्द, वेळ पाच मिनिटे. ऐंशी आखण्या एका मोकळ्या तासिकेत वाचून होतात, आणि 'प्रस्तावना, फायदे, तोटे' लिहिणारे लगेच सापडतात. पूर्ण निबंध महिन्यातून एक, आणि तो मुलांनी आपसांत वाचावा. गुण देण्याची घाई नको. स्टार्च आणि एलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शाळांत तपासायला पाठवल्या होत्या. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांत तिसाहून अधिक गुणांचे अंतर पडले.

महिन्याभराने आम्ही त्या मुलीच्या घरी पुन्हा घड्याळ लावले. विषय वाचून तिने पेन उचलले, थोडे खरडले आणि मग कितीतरी वेळ ती नुसती कागदाकडे पाहत बसली. स्वयंपाकघरातून तिची आई दोनदा डोकावून गेली. शेवटी न राहवून म्हणाली, 'काय गं, काहीच येत नाही का?' मुलीने मान वर न करता हाताने 'थांब' अशी खूण केली, आणि लिहायला लागली. या खेपेला पेन टेबलावर ठेवले गेले ते पाणी पिण्यापुरते. शेवटचे पान आम्हाला चष्मा न लावता वाचता आले.

उतरवण्याचा आणि मनाने लिहिण्याचा पाच-पाच मिनिटांचा प्रयोग आपल्या वर्गात जरूर करून पाहावा, आणि दोन्ही आकडे इयत्तेसह आम्हाला कळवावेत.