नाव मिळण्यापूर्वीचा भुंगेरा

नव्या जातीचा शोध म्हटला की दुर्गम अरण्यात हिंडणारा संशोधक डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अनेक जाती अरण्यात केवळ सापडतात. त्या ओळखल्या जातात संग्रहालयात, आणि तेही पुष्कळदा फार उशिरा. १९६४-६५ या काळात विल्यम ब्लॉक यांनी पूर्व आफ्रिकेत माती व पालापाचोळा यांचे नमुने गोळा केले. त्यांतील कीटक १९७८ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे आले. त्यांपैकी केनियातील एका भुंगेऱ्याचे वर्णन मायकेल डार्बी यांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. दरम्यान अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला होता.

हा भुंगेरा टिलिइडी कुलातील आहे. ज्ञात भुंगेऱ्यांपैकी सर्वांत लहान भुंगेरे याच कुलात मोडतात. या भुंगेऱ्याची लांबी अवघी ०.७९ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असून रंग फिकट पिवळा व सोनेरी आहे. त्याला डोळे नाहीत आणि पंखही नाहीत. मातीच्या कणांमधील अंधाऱ्या फटींत राहणाऱ्या जिवाला त्यांचा फारसा उपयोगही नसतो. या कुलातील भुंगेरे मुख्यत्वे बुरशीचे तंतू व बीजुके यांवर जगतात.

असा कीटक पूर्वी कोणी पाहिला नव्हता, एवढ्यावरून नवी जाती सिद्ध होत नाही. ज्ञात अशा सर्व जवळच्या जातींशी त्याची तुलना करावी लागते. इतक्या लहान कीटकांची बाह्य रूपे सारखीच भासतात. म्हणून त्यांचे विच्छेदन करून मादीच्या शरीरातील शुक्राणू साठविण्याची पिशवीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यानंतर एक नमुना प्रमाणभूत म्हणून निश्चित केला जातो. पुढे कधी शंका उद्भवल्यास निवाडा त्या नमुन्यावरूनच होतो.

१७५८ सालापासून प्राण्यांच्या नामकरणात रूढ असलेल्या लिनीअसच्या पद्धतीनुसार जातीचे नाव दोन पदांचे असते. डार्बी यांना या भुंगेऱ्यासाठी नवी प्रजातीही स्थापावी लागली. हवामानबदलाविरुद्ध आवाज उठविणाऱ्या स्वीडिश तरुणी ग्रेटा थनबर्ग यांच्या गौरवार्थ त्यांनी त्याचे नाव 'नेलोप्टोडेस ग्रेटी' असे ठेवले. दुसऱ्या पदाच्या अखेरीस लॅटिन भाषेतील स्त्रीवाचक षष्ठीचा प्रत्यय आहे.

नामकरण हा केवळ विद्वानांचा उपचार नव्हे. ज्या जातीला नाव नाही तिचा समावेश संरक्षणाच्या यादीत सहसा केला जात नाही, आणि ती नष्ट झाली तरी बहुधा तशी नोंद होत नाही. जंगल तुटते तेव्हा त्याखालची मातीही उघडी पडून सुकते आणि तिच्यातील जीव नाहीसे होतात. त्यांपैकी कोणाकोणाची ओळख मागे उरेल, हे अखेर संग्रहालयातील जपून ठेवलेल्या नमुन्यांवर आणि ते तपासण्यास लागणाऱ्या चिकाटीवर अवलंबून असते.