पाठवायचं कधी?

सकाळी 6.30
जुलै. श्रीवर्धन तालुक्यात भातलावणीची घाई. उपकेंद्राच्या मागच्याच खोलीत माझं बिऱ्हाड, त्यामुळे चहा उकळायच्या आत खिडकीशी हाक येते, "सिस्टर, उठलात का?" शेतावर निघालेल्या बायका. पायाला जखम असेल तिला डॉक्सिसायक्लिन, आणि सगळ्यांना एकच ताकीद: ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर पावसाचा ताप म्हणून अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिसला पहिल्या दोन दिवसांत गाठलं तर गोळीवर भागतं, नाहीतर मूत्रपिंडावर बेततं.

9.00
लस घ्यायला आरोग्य केंद्रात. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं दोन, एक कधीपासून रिकामं. दुसरे डॉक्टर आज बैठकीला, म्हणून बाह्यरुग्णांची रांग फार्मासिस्टच्या खिडकीशी. बंधपत्रावर नवे डॉक्टर येतात, वर्ष भरलं की जातात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. गळक्या क्वार्टरमध्ये चोवीस तास एकट्याने कोण किती दिवस काढेल?

आइसपॅक हलवून बघते. आत पाणी खळखळलं की मगच कॅरियरमध्ये ठेवायचा, नाहीतर पेंटाव्हॅलंट गोठून वाया जाते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून आकाश भरून आलं की माझं पहिलं लक्ष लसीच्या फ्रीजकडे जातं.

10.30
अंगणवाडीत लसीकरण. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की चार तासांत संपवायची, म्हणून आशाताई मोहल्ल्यातून, वाडीतून बाळं गोळा करत फिरतात. हजार वस्तीमागे एक आशा असा नियम 2005 पासूनचा. इथे डोंगराच्या दोन अंगांना विखुरलेली हजार माणसं म्हणजे काय, ते त्यांच्या चपला बघून कळतं.

1.00
कोळीवाडा. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे पुरुषमाणसं घरी सापडतात. बाकीच्या दिवसांत ते समुद्रावर असतात आणि रक्तदाबाची गोळी घरच्या फळीवर. आज सगळ्यांचे दंड धरून मोजते. एका तांडेलाचा दाब 180 वर. "मला काय होतंय?" असं म्हणतो. त्याच्या बायकोसमोर त्याला पहिली गोळी घ्यायला लावते.

3.15
आशाताईंचा फोन. आठवा महिना, पहिलटकरीण, सकाळपासून डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. जाऊन बघते तर दाब 160/110, लघवीच्या पट्टीवर प्रथिनं, पाय सुजलेले. सासूबाई म्हणतात, "उद्या सकाळच्या एसटीनं नेऊ." नाही. आत्ता.

108 ला फोन लावते. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, यायला वेळ लागणार. तोवर माझ्या हातात मॅग्नेशियम सल्फेट आहे. दहा ग्रॅम, पाच उजवीकडे, पाच डावीकडे, खोल. फार दुखतं. "बाय, हात घट्ट धर माझा," म्हणते आणि सुई घालते. झटका येण्याआधी हा डोस पोटात असलेल्या आणि पोट वाहणाऱ्या दोघांना वाचवतो.

4.40
गाडी आली. माणगावचं रुग्णालय 45 किलोमीटरच्या आसपास, घाट, पाऊस.  आशाताई सोबत बसल्या. मी चिठ्ठीवर डोसची वेळ ठळक लिहिली, पुढच्या डॉक्टरांना फोनही केला.

याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट जात होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, हृदयावर काय परिणाम होतो हे टिपत गेले, आणि प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी उपयोगी पडते हे त्यांनी 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितलं. मुंबईचा विशेषज्ञ गावात आला नाही. गोळी गावात आली. माझ्या कपाटातल्या मॅग्नेशियमच्या कुप्यांकडे मी त्याच नजरेने बघते. पहिला डोस गावात हवा, मग रस्ता गाठायला उसंत मिळते.

पण सिझेरियन कपाटात ठेवता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एका छपराखाली लागतात. दोन असून तिसरं नसेल तर गाडी पुढेच जाते, आणि त्या प्रत्येक 'पुढे'ची किंमत बाईच्या अंगावर वसूल होते. म्हणून वेळेत पाठवणं हाच माझ्या कामातला सगळ्यात अवघड निर्णय. उगाच पाठवलं तर घरच्यांची दिवसाची मजुरी आणि परतीचं भाडं दोन्ही जातात. पुढच्या वेळी ते माझं ऐकत नाहीत.

7.00
रजिस्टर, ऑनलाइन नोंदी. नेटवर्क नसल्याने टेकाडावर जाऊन एक पान तीनदा भरते. लिहिण्यासारखं यात काही नाही.

9.40
आशाताईंचा फोन: सिझेरियन झालं. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम, आई शुद्धीवर. हिपॅटायटिस बीची लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते, ती मिळाली का हे विचारायला सांगते.

यादीत अजून एक जण आहे. नववा महिना लागलेली, पऱ्याच्या पलीकडच्या वाडीतली. पऱ्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस वाट बंद होते. तिची मावशी माणगावात राहते. बायकोला परवाच्या आत तिकडे नेऊन सोडा, हे तिच्या नवऱ्याला आत्ताच फोन करून सांगते.