अक्षरमालेच्या अंशांची तुलना

अक्षरे वा अंक यांची जी क्रमवार रांग संगणकाला दिली जाते, तिला अक्षरमाला असे म्हणतात. संपूर्ण माला न तपासता तिचा केवळ एक अंश दुसऱ्या मालेतील अंशाशी ताडून पाहणे, हा आज्ञावली-लेखनाच्या प्रारंभिक अभ्यासातील एक पाठ होय. भारतीय टपालाचा पिनकोड हे त्याचे सुबोध उदाहरण आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे होत. पहिला अंक देशाचा विभाग, पहिले दोन मिळून उपविभाग आणि पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दर्शवितात. अखेरच्या तीन अंकांवरून वाटपाचे टपाल कार्यालय कळते. जबलपूरचा ४८२००१ आणि नागपूरचा ४४०००१ हे क्रमांक घेऊ. पहिला अंक ताडला असता ते समान ठरतात, पहिले तीन ताडले असता भिन्न, आणि अखेरचे तीन ताडले असता पुन्हा समान! ही शेवटची समानता मात्र निरर्थक आहे. कारण पहिल्या तीन अंकांवाचून अखेरचे तीन कोणतेच ठिकाण सांगत नाहीत.

अनेक संगणकीय भाषांत स्थानांची मोजणी शून्यापासून होते. म्हणून पहिले तीन अंक ०, १ व २ या स्थानांवर असतात, हे नवशिक्याने ध्यानी ठेवावे.

गावाच्या नावांची तुलना याहून नाजूक असते. मराठीत ‘जबलपूर’ लिहितात, हिंदीत ‘जबलपुर’. वाचकाला गाव एकच दिसते. परंतु ऱ्हस्व व दीर्घ उकारांचे संकेतांक वेगळे असल्यामुळे यंत्राच्या लेखी पहिली चार चिन्हे जुळतात आणि पाचव्यापाशी भेद उत्पन्न होतो.

तुलना अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. जबलपूर जिल्ह्यातीलच सिहोऱ्याचा पिनकोड ४८३२२५ आहे. ४८२ ने आरंभ होणारे पत्ते तेवढेच या जिल्ह्यातील, असे मानून एखाद्या मदतीची यादी केली, तर सिहोऱ्याचे रहिवासी तीतून वगळले जातील. टपालाचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच नव्हेत, हे यंत्राला ठाऊक नसते. कोणता अंश ताडावयाचा आणि त्याच्या समानतेचा अर्थ काय, हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच आधी ठरवावे लागते.