ओठ फुटणे

ओठांच्या त्वचेतील ओलावा कमी होऊन ती खरखरीत होणे, तिचे पापुद्रे निघणे व तिला भेगा पडणे, या विकारास ओठ फुटणे किंवा उलणे म्हणतात. ओठांच्या लाल भागावरील शृंगस्तर अतिशय पातळ असतो. तेथे स्वेदग्रंथी नसतात व त्वक्‌स्नेहग्रंथीही बहुधा नसतात. त्यामुळे संरक्षक स्निग्ध थर तयार होत नाही आणि ओलावा लवकर उडून जातो.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेशात, उदा., अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या नेवासे परिसरात, हिवाळी हवा कोरडी असते. अशा हवेत आणि उन्हावाऱ्यात काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. ओठांवरून वारंवार जीभ फिरविल्याने तो वाढतो; कारण लाळ सुकताना ओठ अधिकच कोरडे पडतात व लाळेतील एंझाइमांमुळे दाह होतो. तोंडाने श्वास घेणे, प्रसाधनांची अधिहर्षता (ॲलर्जी) व काही औषधे हीही कारणे आहेत. तोंडाचे कोपरे चिरत असल्यास रिबोफ्लाविन (ब२ जीवनसत्त्व) वा लोह यांची न्यूनता किंवा कवक-संसर्ग असू शकतो.

पेट्रोलियम जेली, तूप किंवा कोकमतेल (आमसुलाचे तेल) लावल्याने बाष्पीभवन रोखले जाते. पापुद्रे ओढून काढू नयेत. उन्हात ओठ झाकावेत. आहारात दूध व पालेभाज्या असाव्यात. तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा चट्टा वा कठीण गाठ आढळल्यास, विशेषतः तंबाखू सेवन करणाऱ्यांनी, कर्करोगाच्या शक्यतेमुळे वैद्यकीय तपासणी अवश्य करून घ्यावी.